आरओपी बरा झाला, आता चष्म्याचा नंबर: अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पालकांसाठी

आरओपी हा लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार. पेटीत ठेवलेल्या बाळाचा पडदा तपासून डॉक्टर एके दिवशी सांगतात, "रक्तवाहिन्या पूर्ण वाढल्या, आता पडद्याची काळजी नाही." हे वाक्य ऐकण्यासाठी घरच्यांनी कित्येक आठवडे जीव मुठीत धरलेला असतो. मग सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि डोळ्यांच्या दवाखान्याची वाट विसरतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की इथे थांबू नका. त्या दिवशी पडदा वाचलेला असतो, पण नजर तयार व्हायची असते. ती तयार होण्याच्या वर्षांत मोठा नंबर लक्षात आला नाही, तर वाचलेल्या पडद्याचाही पुरता उपयोग होत नाही.

ज्यांचं बाळ अजून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासला गेलाच पाहिजे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाळ ३४ ते ३६ आठवड्यांचं असून त्याला बराच ऑक्सिजन किंवा रक्त द्यावं लागलं असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल, तर त्याचीही तपासणी मागून घ्या. अमेरिकेत ही मर्यादा १५०० ग्रॅम आणि ३० आठवडे अशी आहे. आपल्याकडे त्याहून मोठ्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून आपली मर्यादा वर आहे. इंटरनेटवरचा परदेशी तक्ता बघून "आपलं बाळ १७०० ग्रॅमचं, आपल्याला गरज नाही" असं ठरवू नका. ही तपासणी न सांगितल्यामुळे तमिळनाडूतल्या एका मुलीची दृष्टी गेली, तेव्हा २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली होती. तपासणीची आठवण करून देणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

नंबर येतो कुठून

हे समजून घेतलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात डोळ्यांच्या नसेपासून निघतात आणि कडेकडे पसरत जातात. नाकाकडची कड आठव्या महिन्याच्या आसपास गाठली जाते, कानाकडची मात्र दिवस भरत आल्यावर. बाळ लवकर जन्मलं की कडेचा भाग रक्तवाहिन्यांविना राहतो. सुरुवातीला बाहेरच्या जादा ऑक्सिजनमुळे वाहिन्यांची वाढ खुंटते. पुढे काही आठवड्यांनी तो उपाशी पडदा रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य सोडू लागतो आणि वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या उगवतात. हाच आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. बहुतेक बाळांत तो आपोआप ओसरतो. काहींना लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन लागतं, आणि गरज ठरली की ते दोन-तीन दिवसांत व्हावं लागतं.

आता डोळ्याच्या पुढच्या भागाकडे या. पूर्ण दिवसांच्या बाळाचा डोळा जन्मतः जेमतेम १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी तो २४च्या आसपास जातो. एवढ्या छोट्या डोळ्यात प्रकाश पडद्यावर नेमका पडावा म्हणून पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, खूप फुगीर असतो आणि आतलं भिंगही जाड असतं. डोळा लांब होत जातो तसा कॉर्निया सपाट होतो, भिंग पातळ होतं आणि हे सगळं एकमेकांना सांभाळून चालतं. म्हणून पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मतः सरासरी प्लस दोनच्या आसपास नंबर असतो आणि पहिल्या एक-दीड वर्षात त्यातला बराचसा उतरतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळात, विशेषतः आरओपी झालेल्यांत, ही जुळवाजुळव बिघडते. कॉर्निया फुगीरच राहतो, भिंग जाड आणि पुढे सरकलेलं राहतं, त्यांच्यामधली जागा उथळ राहते. डोळा फारसा लांब नसतानाही मायनस नंबर येतो. शाळकरी वयात मोबाइल-पुस्तकांच्या काळात वाढणाऱ्या मायनस नंबरात डोळा लांबत जातो. इथलं कारण वेगळं आहे. म्हणून "मैदानात खेळवा, नंबर थांबेल" किंवा शेजारच्या मुलाला दिलेले कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब या बाळाला परस्पर लागू करू नका. ते उपाय शाळकरी मुलांवर तपासले गेले आहेत.

प्रमाण किती? अमेरिकेतल्या ईटीआरओपी अभ्यासात गंभीर आरओपीवर उपचार घेतलेल्या डोळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश डोळे ४ ते ६ वर्षांच्या वयात मायनस नंबरचे होते, आणि एक-तृतीयांशाहून अधिक डोळ्यांत तो नंबर ५ किंवा त्याहून मोठा होता. उपचार कोणता झाला यानेही फरक पडतो. २०११च्या बीट-आरओपी अभ्यासातली मुलं अडीच वर्षांची झाल्यावर पाहिलं, तेव्हा पडद्याच्या अगदी मधल्या भागात आजार असलेल्यांपैकी लेसर झालेल्या निम्म्याहून थोड्या अधिक डोळ्यांना मायनस ८ किंवा जास्त नंबर होता. बेव्हॅसिझुमॅबचं (वाहिन्या वाढवणारं ते द्रव्य रोखणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दिलेल्यांत हेच प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होतं.

हे वाचून लेसर केल्याचा पश्चात्ताप कुणी करू नये. लेसरने पडदा सुटण्यापासून वाचवला आहे. नंबराला चष्मा असतो, सुटलेल्या पडद्याला असा सोपा इलाज नसतो. इंजेक्शनचाही वेगळा हिशेब आहे. त्यात आजार बऱ्याच उशिराने पुन्हा डोकं वर काढू शकतो, म्हणून त्या बाळांचा पडदा कित्येक महिने पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. इंजेक्शननंतर "आता ठीक दिसतंय" या वाक्यावर तारीख चुकवणं फार महागात पडतं.

पहिली पायरी: कागद

एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड आणि डोळ्यांच्या तपासणीचा प्रत्येक कागद एका फाइलमध्ये लावा, त्यांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुढचा डॉक्टर विचारेल त्या गोष्टी अशा: जन्म किती आठवड्यांनी, वजन किती, कोणत्या डोळ्यात आरओपी कोणत्या झोनमध्ये (पडद्याच्या भागात) आणि कोणत्या स्टेजपर्यंत (टप्प्यापर्यंत) गेला, 'प्लस' (पडद्याच्या वाहिन्या फुगून वाकड्या झाल्याची खूण, चष्म्याचा प्लस नव्हे) होता का, लेसर किंवा इंजेक्शन कधी झालं, मेंदूच्या सोनोग्राफीत काय आलं. शेवटची गोष्ट पालक हमखास विसरतात, पण ती नजरेसाठी मोलाची आहे. का, ते पुढे येतंच. जुळी बाळं असतील तर फाइली वेगळ्या ठेवा. एकाला आरओपी, दुसऱ्याला काहीच नाही असं होतं, आणि मग कागदांची अदलाबदलही होते.

दुसरी पायरी: बाळाचं खरं वय कोणतं धरायचं

४० मधून जन्माचे आठवडे वजा करा. बाळ ३० आठवड्यांनी झालं असेल तर १० आठवडे उरतात. आज ते २६ आठवड्यांचं असेल तर त्यातून १० वजा करून त्याचं सुधारित वय १६ आठवडे. नजर लागणं, ओळखीचं हसणं, खेळणं पकडणं हे सगळं सुधारित वयानेच मोजायचं. नाहीतर शेजारच्या बाळाशी तुलना करून आई उगाच झुरते. पडद्याच्या पहिल्या तपासणीची मुदत मात्र जन्मतारखेपासूनच मोजतात. तिथे आठवडे वजा करू नका.

सुधारित वयाच्या दोन महिन्यांच्या सुमारास बाळ चेहऱ्याकडे पाहू लागतं. तीन महिन्यांत हलत्या माणसामागे नजर फिरवतं, चार-पाच महिन्यांत दिसलेल्या वस्तूकडे हात नेतं.

तिसरी पायरी: तारखा

उपचार झालेल्या किंवा आरओपी बराच वाढलेल्या बाळासाठी सर्वसाधारण वेळापत्रक असं ठेवता येतं: पडदा ठीक झाल्यावर सुधारित वयाचे तीन, सहा, नऊ आणि बारा महिने, मग तिसऱ्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. तुमच्या डॉक्टरांनी याहून जवळची तारीख दिली तर तीच पाळा. मोठे नंबर बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच उभे राहतात, म्हणून पहिल्या वर्षातली एकही भेट सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

आरओपी झालाच नाही, पण बाळ लवकर जन्मलं, त्यांचं काय? त्यांच्यातही नंबर, तिरळेपणा आणि आळशी डोळा (मेंदू दुर्लक्ष करतो म्हणून नजर मागे पडलेला डोळा) पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा जास्त दिसतो. एक वर्षाच्या सुमारास एकदा आणि बालवाडीत घालण्याआधी एकदा नंबर तपासून घ्या.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला विचारा, जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या दोषांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे पाठवायला सांगा.

चौथी पायरी: तपासणीचा दिवस

एवढंसं बाळ "आता बरं दिसतंय की मघाशी?" याचं उत्तर कसं देणार, असं सगळे विचारतात. त्याला काही सांगावं लागत नाही. बाहुली मोठी करून डॉक्टर रेटिनोस्कोप नावाच्या बॅटरीने प्रकाशाची पट्टी डोळ्यात फिरवतात, समोर भिंगं धरतात आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या हालचालीवरून नंबर काढतात. लहान मुलांच्या भिंगाची ताकद क्षणोक्षणी बदलते. म्हणून थेंब किंवा मलम घालून ती हालचाल थांबवल्याशिवाय काढलेला नंबर चष्म्यासाठी धरू नये. शिबिरात हातातल्या यंत्राने काढलेला आकडा चाळणीपुरता ठीक. त्यावर चष्मा बनवू नका.

कुठे दवाखान्यातच थेंब घालतात, कुठे आधी तीन दिवस घरी अॅट्रोपिनचं मलम लावायला देतात. मलम दिलं तर हात धुऊन, खालची पापणी ओढून, तांदळाच्या दाण्याएवढंच लावा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून ठेवा, म्हणजे औषध कमी प्रमाणात अंगात जातं. चेहरा लालबुंद होणं, ताप, तोंडाला कोरड, खूप चिडचिड किंवा गुंगी दिसली तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. ट्यूब मोठ्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर ते विषारी आहे. बाहुली काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे मोठी राहते. उन्हात टोपी घाला.

पडदाही तपासायचा असेल तर तासभर आधी दूध पाजणं थांबवा, कारण तपासताना उलटी होऊ शकते. झालं की लगेच छातीशी घ्या. बाळ रडतं, क्लिपने पापण्या उघड्या ठेवलेल्या बघवत नाहीत, हे खरं आहे. पण तपासणी दोन-चार मिनिटांची असते, आणि रडण्याने डोळ्याला इजा होत नाही.

निघण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगवेगळे लिहून मागा, थेंब घालून काढले आहेत का तेही त्यावर असू द्या.

पाचवी पायरी: नंबर वाचायचा कसा

मायनस नंबर असेल तर १०० ला त्या आकड्याने भागा. जेवढं उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरपर्यंतच बाळाला चष्म्याविना स्पष्ट दिसतं. मायनस ५ म्हणजे २० सेंटिमीटर, मायनस १० म्हणजे फक्त १०. पाजताना आईचा चेहरा बाळापासून साधारण २०-३० सेंटिमीटरवर असतो. म्हणजे मायनस १०च्या बाळाला कुशीत असूनही आईचे डोळे धूसर दिसतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना चष्म्याची गरज पटवायची असेल तर हे गणित त्यांच्यासमोर करा, चटकन पटतं.

चष्मा नक्की कधी? अमेरिकन नेत्रतज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही डोळे सारखे असताना एक वर्षाच्या आत मायनस ५, एक ते दोन वर्षांत मायनस ४ आणि दोन ते तीन वर्षांत मायनस ३ च्या पुढे चष्मा देण्याचं साधारण प्रमाण आहे. आरओपी झालेल्या बाळाला बरेच डॉक्टर याच्या आधीच देतात, ते योग्यच आहे. सिलिंडर नंबर (कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) आणि मोठा प्लस नंबरही तितकेच महत्त्वाचे. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती दोन डोळ्यांतल्या फरकाची. एक डोळा मायनस १ आणि दुसरा मायनस ६ असलेलं मूल घरभर नीट वावरतं, कशावर आपटत नाही, कुणाला शंका येत नाही. मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. तो आळशी डोळा पुढे चष्मा देऊनही पुरता सुधारत नाही.

सहावी पायरी: चष्मा नाकावर टिकवणं

बिजागरी नसलेली, मऊ प्लास्टिकची किंवा सिलिकॉनची एकसंध फ्रेम घ्या, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेली. बाळाचं नाक चपटं असतं, त्यामुळे धातूचे पॅड टोचतात आणि चष्मा घसरतो. काचा पॉलिकार्बोनेटच्याच हव्यात, त्या फुटून डोळ्यात जात नाहीत. मोठ्या मायनस नंबराला फ्रेम लहान असावी, म्हणजे कडा जाड होत नाहीत. बाहुली काचेच्या मध्यावर येते की नाही हे दुकानात उभं राहूनच बघा. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका. डोकं झपाट्याने वाढतं, वर्षात दोनदा फ्रेम बदलावी लागली तरी ते ठीकच.

पहिल्यांदा घालताना बाळ पोट भरलेलं, खुशीत असावं. घालताच आवडती वस्तू दाखवा. काढून फेकलं तर रागवू नका, थोड्या वेळाने पुन्हा घाला. झोप आणि अंघोळ सोडून जागेपणीचा सगळा वेळ चष्मा असावा, "टीव्ही बघताना तेवढा" असं नको. मोठा नंबर असलेल्या बाळांना एकदा स्पष्ट दिसायला लागलं की बहुतेक ती स्वतःच चष्मा काढेनाशी होतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही ते सतत ओढत असेल तर नंबर किंवा बसवणी पुन्हा तपासून घ्या. काच पदराने पुसू नका, चरे पडतात. पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपा.

"एवढ्या लहानपणी चष्मा लावला की नंबर वाढतो" हे घराघरांत ऐकू येईल. चष्म्याने नंबर वाढत नाही. या मुलांचा नंबर वाढायचा तो चष्म्याशिवायही वाढतो, फक्त तेवढा काळ मेंदू धूसर चित्र शिकत राहतो. आणि डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी, अंगावरचं दूध काहीही घालू नका. काजळही नको.

फार मोठा नंबर, दोन डोळ्यांत मोठा फरक किंवा शस्त्रक्रियेत भिंग काढलेलं असेल तर डॉक्टर कॉन्टॅक्ट लेन्स सुचवतील. घाबरण्यासारखं नाही, पण स्वच्छतेची शिस्त पाळता येणार असेल तरच हो म्हणा.

सातवी पायरी: पट्टी आणि तिरळेपणा

चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावतात. किती तास, ते वयावर आणि फरकावर ठरतं. बाळांमध्ये कमी वेळही पुरतो आणि जास्त पट्टीने चांगलाच डोळा मागे पडू शकतो, म्हणून वेळ मनाने वाढवू नका, पुढची तारीखही चुकवू नका. पट्टी त्वचेला चिकटणारी असावी. चष्म्याच्या काचेवर कापड लावलं की मूल बाजूने बघतं.

आरओपीमध्ये कधी पडद्याचा मध्यबिंदू कडेकडे ओढला जातो. अशा मुलाचा डोळा बाहेर वळलेला भासतो, पण तो त्याच्या नव्या मध्यबिंदूने सरळच बघत असतो. म्हणून फोटोत तिरळा दिसला एवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. डॉक्टर एकेक डोळा झाकून तपासतात, त्यातून खरं काय ते कळतं.

चष्मा बरोबर असूनही बघत नसेल तर

इथे ती मेंदूची सोनोग्राफी कामाला येते. लवकर जन्मलेल्या काही बाळांच्या मेंदूत दृष्टीचे धागे जातात त्या भागाला इजा झालेली असते. डोळा आणि नंबर ठीक असूनही मूल गर्दीच्या चित्रात वस्तू ओळखत नाही, कधी बघतं कधी नाही, हललेली वस्तू चटकन पकडतं पण स्थिर असलेली नाही. याला आळस समजू नका. मुलांचे मेंदूतज्ज्ञ आणि दृष्टी-प्रशिक्षण दोन्हींची गरज असते आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. साध्या पार्श्वभूमीवर एकच ठळक रंगाची वस्तू दाखवण्यापासून घरीच सुरुवात करता येते. दृष्टी कायमची कमी असल्याचं ठरलं तर यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) काढून घ्या, शिक्षणातल्या सवलतींसाठी ते लागतं.

तारखेची वाट न पाहता लगेच जायच्या खुणा: बाहुलीत पांढरी चमक, डोळा लाल होऊन कॉर्निया ढगाळ दिसणं, डोळा दुखून उलट्या, डोळे सतत थरथरणं, सुधारित वय तीन महिन्यांचं होऊनही चेहऱ्याकडे न बघणं, आणि बोटाने किंवा मुठीने डोळे दाबत राहण्याची सवय. ही सवय खूप कमी दिसणाऱ्या बाळांत आढळते.

शाळा आणि त्यापुढे

शाळेत पुढच्या बाकावर जागा मागा, वर्गशिक्षिकेला लेखी कळवा. क्रिकेट-कबड्डी जरूर खेळू द्या, खेळताना पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा असावा. लेसर झालेला किंवा ओढला गेलेला पडदा मोठेपणीही सुटू शकतो, म्हणून डोळ्यापुढे अचानक ठिपके, चमका किंवा पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं, हे मुलाला समजू लागेल तेव्हा शिकवून ठेवा. डोळ्याचा पुढचा भाग उथळ राहिल्यामुळे काहींना तरुणपणी काचबिंदूचा धोका असतो, त्यामुळे वार्षिक तपासणीत डोळ्यातला दाबही बघायला सांगा. अठराव्या वर्षी बहुतेक मुलं चष्मा घालवायची शस्त्रक्रिया मागतात. तेव्हा त्या डॉक्टरांना जन्मापासूनची फाइल दाखवा, आधी बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्या आणि त्यानंतरच लेसिकची, म्हणजे लेसरने नंबर घालवण्याच्या त्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू करा.